भावल्यांच्या घराचं माप

— एकोणीसशे एकसष्ट, मार्गशीर्ष महिना. तळाच्या फळीवर पटाशीनं कोरलंय, वाकून बघा बापूसाहेब. मला लिहिता येतं ते एवढंच, साल, महिना आन् माझं नाव. रेल्वेच्या डब्यांत तीस सालं सुतारकी केली, तिथं बी बाकड्याखाली नबीलाल म्हणून कोरून ठेवायचो, सायबाला दिसायचं न्हाई. ज्याचं काम त्याचं नाव. — बसा. खुर्चीवर बसा, त्या पेटीवर नगं, तिचं बूड सुटलंय. आन् भिमाजीला सांगा, टेशनावर जाऊन चहा पिऊन ये म्हणावं. व्हय, तुमचा जुना गडी हाय, इश्वासाचा हाय, म्हाईत हाय मला. तरी बी जाऊ द्या. मालकाचं घर मालकालाच दाखवायचं असतं. जा रं भिमाजी, एक न्हाई, दोन कप पी. दार लोटून घे.

तर हे घर. तुम्ही गाडीतून आणून टाकलं तवा काय होतं हे? वारूळ होतं वारूळ. गोरा सायब देश सोडून गेला, त्याच्या बंगल्यातलं लिलावात घेतलेलं, आन् चौदा सालं तुमच्या गोठ्याच्या माळ्यावर पडलेलं. एका खोलीत चिमणीचं घरटं, एका खोलीत उंदराची बाळं. मी म्हणलो, नबीलाल, हे चुलीत घाल. पण वाळवीनं खाल्लेलं तासून बघितलं तर आत साग. लाकडाशी बेइमानी मला करवत न्हाई. — भिंतीतली चूल काढून टाकली, वरचं धुराडं उडवलं. घरात बसून शेकायची खोली! दौंडात बसून काय शेकणार, टाळकं? जिना हलवला, आडवी भिंत पाडली. तुमचा हुकूम होता. नातीला सायबाचं घर नगं, आपलं पायजे. पुण्यात राहते पोर, सुट्टीला तेवढी येते, तिला तिथं बी आजोबाचं घर दिसलं पायजे — नदीपल्याडचं, हुबेहूब. हुबेहूब हा शब्द तुमचा. माझा न्हाई. ध्यानात ठेवा.

ही ओसरी. झोपाळ्याला बोट लावा — लावा, मोडत न्हाई. कड्या घड्याळाच्या साखळीच्या हायेत. हे माजघर. हंडा काडतुसाच्या टोपीचा, जातं कोटाच्या दोन बटणांचं, उतरंड कुंभाराकडून भाजून आणली, वाटाण्याएवढी मडकी, कुंभार मला शिव्या देत होता. हे देवघर. देव्हारा केलाय, देव केले न्हाईत. मी मुसलमान माणूस, ते वहिनीसाहेबांनी बसवायचे. आन् ही तुमची पाटलीण. सायबाच्या पोरीची भावली आतच निघाली, एक हात उंदरानं खाल्लेला. हात नवा केला, माझ्या सुनेनं नऊवारी नेसवली. निळ्या डोळ्याची पाटलीण, कुंकू लावलेली मडम. हसू आलं व्हय? हसा. हसून घ्या.

आता माप. भावल्यांचं घर करायचं म्हंजी नजरेनं भागत न्हाई. मोठ्या घरात बोटभर चूक खपते, बारक्या घरात खपत न्हाई, खोली खोलीत बसतच न्हाई. फुटाला अर्धा इंच धरला. म्हणून मी दिवाळीच्या आधी तुमच्याकडं आलो, दोन दिवस राहिलो, सगळं घर टेपानं मोजलं. तुम्ही सोसायटीच्या मीटिंगला पाटसला गेला होता. टेपाचं एक टोक माझ्याकडं, एक भिमाजीकडं. ओसरी मोजली, माजघर मोजलं, तवर गडी चांगला. कोठीच्या दाराशी आलो आन् भिमाजीनं टेप टाकला. म्हणला, आप्पा, मी आत येत न्हाई. का रं? म्हणला, मी बारा सालं आत गेलो न्हाई. गड्याला कोठी वर्ज्य! दाणा मग काढतं कोण? तर बाया काढत्यात. बरं म्हणलं. टेपाला खिळा ठोकला, माझं मीच मोजलं.

आन् हिथं येऊन फळ्या जोडायला बसलो तर घर जुळंना. भाईरनं तुमची लांबी सेहेचाळीस फूट, म्हंजी माझी तेवीस इंच. आतनं कोठी धा, माजघर सोळा, निजायची खोली आठ, आन् दोन-दोन फुटाच्या चार भिंती. करा हिशेब. बेचाळीस. चार फूट कुठं गेले? मी म्हणलो, म्हातारा झालास नबीलाल, चुकलास. परत आलो मोजायला, तुम्हाला वाटलं मी खिडकीच्या नक्षीसाठी आलो. परत बेचाळीस. घर काय ऊस हाय व्हय, एका अंगानं वाढायला? — काय म्हणता? भिंत जाड हाय. कोठी आन् माजघरामधली. मग ती सहा फुटाची झाली की. दौलताबादचा किल्ला हाय का बापूसाहेब, तोफा येणार होत्या?

बळद म्हणा. तोंडाशी आलंय तुमच्या, म्हणा. त्यात लाजायचं काय? जुन्या घरांत असायचंच — दोन भिंतींच्या मधी दाणा साठवायची जागा, दार न्हाई, खिडकी न्हाई, वर माळ्यावर माणूस जाईल एवढं तोंड. सगळ्या बड्यांकडं होतं. सरकार लेव्ही म्हणून घरटी जबरीनं दाणा न्यायला लागलं तवा त्याचा लईच उपेग झाला, ते बी समद्यांना म्हाईत हाय. पण मग बुजवलेलं का? आन् दाणा काढून बुजवलं असंल तर माळ्यावर त्याच्या तोंडाला फळ्या कशाला ठोकल्या, सहा-सहा इंची खिळ्यांनी? त्या फळ्या मी वळखल्या. रेल्वेच्या डब्याच्या हायेत. एकोणपन्नासच्या शिमग्यात तुम्ही माझ्याकडनंच नेल्या होत्या, गव्हाणीला पायजेत म्हणून.

बसा. उठू नका. भिमाजी इतक्यात येत न्हाई, आन् माझं घर दाखवून झालं न्हाई.

एकोणपन्नासचा शिमगा. माझा भाऊ इनुस तुमच्याकडं दारं बसवायला होता. तेवीस वर्साचा. आठ दिवसांचं काम. नवव्या दिवशी तुम्ही स्वता घोड्यावरनं हितं आलात, ह्याच दारात उभं राहिलात आन् माझ्या अम्माला म्हणलात — जन्नतबी, पोरगं गेलं. मद्रास मेलमधी चढताना माझ्या डोळ्यानं बघितलं. हैद्राबादेला जातो म्हणला, तिथनं कराचीला. आन् त्याची अवजाराची पिशवी तुम्ही अम्माच्या हातात दिली. करवत, रंधा, वाकस, समदं. तवाच मला कळायला पायजे होतं. परमुलखात जाणारा सुतार बायको मागं ठेवंल, रंधा ठेवत न्हाई. आन् कराची! ज्वारीची भाकरी न्हाई मिळाली तर पुण्यात दोन दिवस टिकत न्हवतं ते पोर. पण तुम्ही म्हणलात. बापूसाहेबांनी म्हणल्यावर गाव म्हणलं, गेला. पोलीस म्हणले, गेला. अम्मा तेवढी म्हणली न्हाई. ती बारा सालं मेलच्या टायमाला टेशनावर जाऊन बसायची. हमाल तिला पाणी द्यायचे.

मी सांगतो काय झालं, तुम्ही नुसतं ऐका, चुकलं तर थांबवा. लेव्हीवाले नदीच्या हिकडच्या काठाला आले, होडीची वाट बघत होते. तुमची पोती अंगणात. बळद पावसाळ्यापासनं बंद, तळाला जुना दाणा भिजून कुजलेला. पोती वरनं सोडायची तर खाली रचायला माणूस पायजे. इनुस अंगानं बारीक, तोंडातनं जाईल असा. आता बळद असू द्या न्हाईतर जमिनीतलं पेव, उघडलं की आधी दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा इजला तर आत हवा मेलेली हाय, माणूस सोडायचा न्हाई, तोंड उघडं ठेवून गप बसायचं, अर्धा दिवस, एक दिवस. हे शेंबड्या पोराला म्हाईत असतं. तुम्हाला म्हाईत न्हवतं? — होतं. पण होडी निघाली होती. दिवा सोडला का तुम्ही? सांगा. — न्हाई सोडला. दोर कुणी धरला होता? मी इचारत न्हाई, मला कळलं. ज्याला कोठीत पाय टाकवत न्हाई त्यानं. आन् लेव्हीवाले आले, त्यांनी ओसरीवर चहा घेतला, झोपाळ्यावर बसले असतील, आन् वर फळ्या ठोकलेल्या. तवा तो मेला होता का नुसता बेसुद होता, हे तुम्ही बघितलं का? — नका सांगू. हे नका सांगू. ह्याचं उत्तर मला नगं.

आन् लगेच महिन्याभरानं तुम्ही मला बोलावलं. कोठीत भिंतीला कपाट पायजे, जमिनीपासनं आढ्यापर्यंत. सागाचं. मी केलं. कपाट लावताना भिंतीला हात टेकला तर गिलावा ओला. महिना झाला तरी ओला, पाठीमागनं पाझरल्यासारखा. आन् वास. तुम्ही म्हणलात, घूस मेलीय नबीलाल. मी म्हणलो, व्हय बापूसाहेब, घूस मेली असंल. आन् बावीस खिळे ठोकले. मोजून बावीस — मला का आठवतंय? मला का आठवतंय बारा सालं? — हे मी बोलणार न्हवतो. सकाळपासनं ठरवलं होतं, मापाचं बोलायचं, कपाटाचं काढायचं न्हाई. गेलं तोंडातनं. जाऊ द्या, आता ऐकलंच हाय तर पुरतं ऐका. मी गप का बसलो? भ्यालो म्हणून? व्हय, आन् न्हाई. त्याच्या आधल्या साली गावं पेटत होती, आमच्याकडं लोक वाकडं बघत होते, तवा तुम्ही भर बाजारात काठी घेऊन उभं राहिलात. म्हणलात, नबीलालच्या घराला जो हात लावंल त्याचा हात मी तोडीन. माझी चार पोरं त्या एका बोलण्यावर जगली. ते मी इसरलो न्हाई. त्याचं देणं मी फेडलं, गप राहून. एक भाऊ आन् बारा सालं. मला वाटतं पुरं झालं. माझ्याकडनं पुरं झालं.

अम्मा रमजानात गेली. जाताना म्हणली, माझ्या उजव्या अंगाला एका माणसाची जागा सोड. मौलवीसाहेब म्हणले, कशाला? मी म्हणलो, सोडा. सोडलीय. दर जुम्म्याला जातो, तिथं गवत उगवलेलं असतं, उपटून येतो. दगडाच्या माणसाला बी लाज वाटंल अशी रिकामी जागा हाय ती.

आता हिकडं बघा. हे माजघर, ही कोठी, आन् मधी ही दोन इंच. मी बुजवली न्हाईत. माळ्यावर ही फळी — नख घालून उचला, सुटी हाय, खिळे मारले न्हाईत. आत बघा. काय न्हाई. मी आत काहीच ठेवलेलं न्हाई, कारण तिथं काय हाय हे मला म्हाईत न्हाई. परवा तुमच्या माळ्यावर पक्कड घेऊन बसलो होतो, पहिल्या खिळ्याला लावली बी होती. काढला न्हाई. दुसऱ्याच्या घरात फळी उचकटणारा मी न्हव्हं. आन् खरं सांगायचं तर हात चालला न्हाई. — हे घर पुण्याला जाईल. पोर हुशार हाय, त्या वयाची पोरं आधी दडलेली जागाच शोधत्यात. एक दिवस इचारंल, आजोबा, ही खोली कसली? हिला दार का न्हाई? हिच्यात कोण राहतं? तवा काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिला काही सांगणार न्हाई. मी पोलिसात जाणार न्हाई, पंचात जाणार न्हाई. माझा शब्द हाय.

बुजवून देऊ म्हणता? देतो. आत्ता देतो, सरस तापतोय बघा, दोन खिळे आन् एक फळी, घटकाभराचं काम. पण आधी मोठ्या घरातलं उघडायचं. जुम्म्याच्या सकाळी मी येतो, चार माणसं आन् कफन घेऊन. कपाट मी काढीन, मी ठोकलं होतं. भिंतीला पहिली पहार तुमची, गड्याची न्हाई. गावाला काय सांगायचं ते सांगा, जुनी भिंत पडत होती म्हणा. मला गावाचं पडलं न्हाई.

पाकीट ठिवा खिशात. पैशाचं नाव काढू नका. पैशात जे येतं ते तुम्ही कवाच दिलं असतं. माझं तुमच्याकडं एकच निघतं, एक शब्द. ह्या दारात उभं राहून तुम्ही माझ्या अम्माला खोटं बोललात, ते ह्याच दारात खरं बोलायचं. ती न्हाई, मी हाय. उठा. घाम पुसा. तिथं उभं ऱ्हावा, उंबऱ्याच्या आत. भिमाजी आला तरी थांबू नका, त्याला म्हाईतच हाय.

इनुस कुठं हाय, बापूसाहेब?

— मोठ्यानं.

— व्हय. ऐकलं. फिटलं.