नावेवरच्या उल्हासला जामीन कोण?

“लोकांना पोटभर हसव गं, पण हसण्याच्या आडोशाला कुणाला लपू देऊ नकोस!” पहिल्यांदा कीर्तनाला उभी राहिले, तेव्हा आमच्या गुरुमाई म्हणाल्या होत्या.

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारते. एखादा माणूस सचोटीचा आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे — पण ते सांगायचं तर आपलीच अब्रू चव्हाट्यावर येते. सांगाल? ... नका, लगेच माना डोलवू नका!

एक नदीकाठचं गाव. नदीत दिव्यांनी लखलखणारी नाव. नावेवर काय? भजन? छे हो — जुगार! रीतसर, सरकारमान्य! तिथं पत्ते वाटायला आमचा उल्हास शेटगावकर. घरी म्हातारी आई, म्हातारी आत्या. मिळवता हा एकटाच.

एके दिवशी हुकूम निघाला — नावेवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे सोमवारपर्यंत परवाना हवा, नाहीतर घरी बसा! अट काय? चारित्र्य शुद्ध, आणि तसं लिहून देणारा एक जामीन! पत्ते वाटणारा शुद्ध, भजी तळणारा शुद्ध, अहो, उंदरांसाठी ठेवलेली मांजरसुद्धा शुद्ध! कामावर आहे ना ती? मग तिलाही जामीन हवा! आता मांजरीच्या चारित्र्याला जामीन कोण राहणार — उंदीर?

उल्हास परवाना कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “कधी जुगार खेळलात?”

“नाही, बाई.”

“मग जुगारातलं तुम्हाला कळतं काय?”

“न खेळण्याइतकं कळतं, बाई.”

बाई खूश! “उत्तम. आता गावातला एक प्रतिष्ठित माणूस आणा. त्यानं लिहून द्यायचं — मी यांना कामात पाहिलं आहे, हे प्रामाणिक आहेत.”

पाहिलात घोटाळा? उल्हासला कामात पाहिलंय कुणी? जे नावेवर जातात त्यांनी! आणि प्रतिष्ठित कोण? जे नावेवर कध्धीच जात नाहीत ते — निदान सांगतात तरी तसं!

उल्हास हेडमास्तरांकडे गेला. ते दारातूनच ओरडले, “मी तुला ओळखत नाही! परवा तू मला बदामाची राणी दिलीस, तेव्हाही ओळखत नव्हतो!” डॉक्टरांनी त्याची जीभ तपासली, “विश्रांती घे” म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मांजरीचा परवाना मात्र आला, हं! शिक्क्यासकट!

उरले देवस्थानचे अध्यक्ष, त्रिविक्रमराव. दर शनिवारी ‘बहिणीकडे’ जायचे. मागं एकदा त्यांची सोन्याची साखळी नावेवर पडली. उल्हास ती द्यायला घरी गेला, तर दारात त्यांची बायको, इंदुमतीबाई! उल्हास चटकन म्हणाला, “वहिनी, देवळाच्या पायरीवर सापडली.” आता बाईंचं व्रत असं, की त्या पायऱ्या रोज त्याच झाडायच्या. त्यांनी साखळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, “बरं” म्हणाल्या. रावांचा जीव भांड्यात पडला. फाटकाशी उल्हासचा हात धरून म्हणाले, “कधी अडलास तर हाक मार. देवाशपथ, उभा राहीन!”

आज उल्हास दारात. “राव, अडलोय.”

रावांनी कागद वाचला. “‘कामात पाहिलं आहे’... त्याऐवजी ‘स्वप्नात पाहिलं आहे’ लिहिलं तर?”

“नाही चालणार, राव.”

“मग दुसरा कुणी बघ ना! मी पडलो देवळाचा माणूस!”

“बरं, येतो,” उल्हास म्हणाला. साखळीचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं!

हसताय? हसा! पण सांगा — ज्यानं तुमची लाज झाकली, त्याला भर रस्त्यात ओळख देता का? ते खांबाला टेकलेले काका, खाली काय बघता? मी मांजरीचं विचारत नाहीये! रोज देवापुढं उभं राहून आपण म्हणतो, मला ओळख रे बाबा. आणि त्यानंच उद्या म्हटलं, “तू कोण? पाहिल्यासारखं वाटत नाही” — तर मंडळी, कुठं जाल?

सोमवार उजाडला. रावांनी पूजा आटोपली, टोपी चढवली. “जरा जाऊन येतो.”

इंदुमतीबाई फुलवाती वळत होत्या. “कुठं?”

“खरं सांगू?”

“सांगून तर बघा.”

राव उंबऱ्याशी घुटमळले. मग अगदी हळू म्हणाले, “नावेवरच्या उल्हासला मी कामात पाहिलंय. तसं लिहून द्यायला.”

बाईंनी वर पाहिलं नाही. “चष्मा घ्या बरोबर.”

रावांनी चष्मा घेतला. पाय सवयीनं मागच्या दाराकडे वळले होते. ते थांबले, परत फिरले, आणि पुढचं दार उघडून रस्त्याला लागले.