पायाचा दोष

मिस्त्री : म्हणजे गाडी वेगात असताना ब्रेक वाजत नाही. थांबत आली की वाजतो.

बायको : हो. सिग्नल जवळ आला, मी हळू केली, की अगदी शेवटी शेवटी किंचाळतो. रस्त्यावरची माणसं वळून बघतात. परवा एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले.

नवरा : ब्रेकवर पाय ठेवूनच बसते ना. घरापासून इथपर्यंत. वाजणार नाही तर काय?

बायको : मी पाय ठेवून बसत नाही.

नवरा : शेजारी मी बसतो. मला दिसतं.

मिस्त्री : दादा, तुम्ही जरा या खुर्चीवर या. काठी माझ्याकडे द्या. हं, सावकाश, डावा पाय मी धरतो. गाडी वर घ्यायची आहे.

नवरा : जॅक कुठं लावायचा ते माहीत आहे ना? खालची पट्टी वाकली तर बघ.

मिस्त्री : अकरा वर्षं मीच उचलतोय, दादा.

बायको : भाऊजी, मला फक्त एकच सांगा. मला नोकरी लागलीय. सोमवारपासून रोज चाळीस किलोमीटर जायचं आणि चाळीस यायचं. त्या बाजूला बस जात नाही. या गाडीनं मला जाता येईल की नाही?

नवरा : गाडीनं जाता येईल. हिला जाता येणार नाही.

बायको : मी त्यांना विचारलंय.

नवरा : त्यांना तुझं चालवणं काय माहीत? दोन वर्षं जीव मुठीत धरून मी बसलोय शेजारी. हिला एकटीला सोडलं तर तिसऱ्या दिवशी पोलिसांचा फोन येईल.

मिस्त्री : वहिनी, इकडे या. हे पुढचं चाक काढलं. ही थाळी दिसते ना, ती चाकाबरोबर फिरते. हे दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात, म्हणून गाडी थांबते. थाळीवरून बोट फिरवा.

बायको : गुळगुळीत आहे.

मिस्त्री : गुळगुळीतच. कुठं चर नाही. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. खडा अडकलेला नाही, पिना मोकळ्या आहेत. चारही चाकांना तेच.

नवरा : ऐकलंस? गाडीत काही नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

बायको : मग भाऊजी, माझ्या पायातच दोष आहे?

मिस्त्री : तुमच्या पायात? दादा, तुम्ही वहिनींना...

नवरा : काय वहिनींना?

मिस्त्री : काही नाही. चाक बसवतो. वहिनी, एक चक्कर मारून येऊ. चालवा तुम्ही.

नवरा : थांबा, मी येतो.

मिस्त्री : नको दादा. मला पुढं बसून ऐकावं लागेल, आणि मागची सीट नावाला आहे. तुम्हाला तिथं पाय वळवता यायचा नाही.

नवरा : मग हँडब्रेकवर हात ठेव. मी ठेवतो.

(गाडीत. बायको चालवते आहे, मिस्त्री शेजारी बसला आहे. नवरा गॅरेजातच राहिला आहे.)

मिस्त्री : दादा हँडब्रेक ओढतात? तुम्ही चालवत असताना?

बायको : आठवड्यातून एकदा तरी. मी थांबवतच असते, तेवढ्यात ओढतात. मग म्हणतात, बघ, मी नसतो तर.

मिस्त्री : हं. इथून सरळ घ्या. गोदामांच्या मागचा रस्ता मोकळा असतो.

बायको : ऐकलात? आत्ता कोपऱ्यावर वाजला.

मिस्त्री : ऐकला. आता इथं ऐंशीपर्यंत न्या.

बायको : ऐंशी? मी पन्नासच्या वर कधी नेलेली नाही.

मिस्त्री : पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही. न्या. अजून. आता दाबा, जोरात. वीसवर आली की सोडा. थांबवू नका, पुन्हा ऐंशी.

बायको : कसला तरी वास येतोय.

मिस्त्री : येऊ द्या. पुन्हा दाबा. छान. पुन्हा.

बायको : सहा वेळा झालं. अजून किती?

मिस्त्री : बास झालं. आता सावकाश जाऊ द्या थोडी, आणि त्या फाटकापाशी हळू थांबवा. रोज सिग्नलला थांबवता तशी.

बायको : वाजला नाही.

मिस्त्री : नाही.

बायको : पुन्हा बघू?

मिस्त्री : हवं तितक्या वेळा बघा.

बायको : आताही नाही. भाऊजी, मी काय वेगळं केलं?

मिस्त्री : तुम्ही काही नाही केलं. पॅड तापले. हे रस्त्यावरचे पॅडच नाहीत, वहिनी, शर्यतीच्या ट्रॅकवरचे आहेत. दादा दर महिन्याला ट्रॅकवर जायचे तेव्हा मीच बसवलेले. यांना तापल्याशिवाय काम जमत नाही. थंड असले की ओरडतात. दवाखाना, बाजार, घर एवढ्यात ते जन्मात तापायचे नाहीत. तुमच्या जागी मी बसलो असतो तरी ओरडले असते.

बायको : आणि थंड असताना धरतात का नीट?

मिस्त्री : तीच तर गोष्ट आहे. धरतात, पण साध्या पॅडसारखे नाही. गाडी चार हात पुढं जाऊन थांबते.

बायको : तो टेम्पो.

मिस्त्री : कुठला?

बायको : गेल्या वर्षी. सकाळी घरातून निघाले आणि पहिल्याच सिग्नलला एका टेम्पोला मागून धडकले. मी दाबला होता, भाऊजी. पूर्ण दाबला होता. मला माहीत होतं मी दाबला होता. यांनी काच खाली केली आणि त्या टेम्पोवाल्याला म्हणाले, बायको नवशिकी आहे, समजून घ्या. वीस वर्षं झाली मला लायसन काढून. तो माणूस हसला. त्यानंतर महिनाभर मी किल्लीला हात लावला नाही.

मिस्त्री : डाव्या हाताला वळा इथून.

बायको : यांना माहीत आहे का हे? पॅडचं?

मिस्त्री : वळा, वहिनी.

बायको : भाऊजी, मी काहीतरी विचारलं.

मिस्त्री : दादांना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर मी तुमच्या घरून गाडी घेऊन आलो होतो, ऑइल बदलायला. तेव्हाच त्यांना फोन केला. म्हटलं, आता वहिनी चालवणार, साधे पॅड घालून देतो, तासाभराचं काम आहे. ते म्हणाले, राहू दे.

बायको : दोन वर्षं झाली त्याला.

मिस्त्री : मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल घरात.

बायको : एका घरात राहतात म्हणजे एकमेकांशी बोलत असतील, असं वाटलं तुम्हाला.

मिस्त्री : चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं.

बायको : हो. हवं होतं.

मिस्त्री : आलं गॅरेज. वहिनी, दादांची तब्येत बघून काय ते बोला.

बायको : दोन वर्षं तब्येत बघूनच बोलतेय.

नवरा : किती वेळ! मला वाटलं कुठं आपटली की काय. काय निघालं?

बायको : पॅड निघाले.

नवरा : पॅडचं काय?

बायको : ते तुम्हीच सांगा.

नवरा : मिस्त्री, काय सांगितलंस हिला?

मिस्त्री : जे तुम्हाला सांगितलं होतं तेच, दादा.

नवरा : तुला गाडी बघायला सांगितली होती.

मिस्त्री : गाडीच बघितली.

बायको : त्यांच्याशी नका बोलू. माझ्याशी बोला.

नवरा : हे बघ, ते पॅड काढले की ही गाडी उरत नाही. मग ती कुणाचीही गाडी. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत हात उचलेल. मला परत चालवायची होती.

बायको : मग तसं सांगायचं होतं. म्हणायचं, वाजू दे, पण काढू नकोस. मी वाजवत फिरले असते. तुम्ही म्हणालात, तुझा पाय वाईट आहे.

नवरा : आधी गमतीनं म्हणालो.

बायको : आणि मग?

नवरा : मग तू विचारायला लागलीस. आता दाबू का, आता सोडू का. दर वळणावर माझ्याकडे बघायचीस. घरात तू मला उठवतेस, बसवतेस, बटणं लावतेस. तिथं शेजारी बसलो की तेवढा अर्धा तास तुला माझी गरज लागायची. अजून काय ऐकायचंय तुला? मिस्त्रीसमोर?

बायको : मी घाबरून बघायचे तुमच्याकडे.

नवरा : कळत होतं मला.

बायको : कळत होतं.

नवरा : हो. कळत होतं.

बायको : आईला दवाखान्यात हलवल्याचा फोन आला, तेव्हा मी किल्ली हातात घेऊन दारात उभी होते. तुम्हाला विचारलं, जाऊ का गाडी घेऊन.

नवरा : ते आता कशाला काढतेस?

बायको : तुम्ही म्हणालात, एवढ्या लांबच्या रस्त्याला तुझ्या पायाचा भरवसा नाही, उगाच आईच्या शेजारी तुझी खाट लागायची. मी किल्ली खुंटीला लावली. दोन बस बदलल्या. पोचले तर तिची खाट रिकामी होती. नर्स चादर बदलत होती. भावानं विचारलं, गाडी असून उशीर कसा झाला? मी म्हटलं, मला चालवता येत नाही.

मिस्त्री : वहिनी, पाणी घ्या थोडं.

नवरा : मला काय माहीत, ती त्याच दिवशी जाईल.

बायको : म्हणजे जगली असती तर चाललं असतं.

नवरा : मी तसं म्हटलं नाही.

बायको : भाऊजी, साधे पॅड आहेत ना तुमच्याकडे?

मिस्त्री : आहेत. तास लागेल.

नवरा : गाडी माझ्या नावावर आहे. मिस्त्री, मला विचारल्याशिवाय एक नटसुद्धा सैल करायचा नाही.

मिस्त्री : दादा, खुर्ची जरा मागं घेतो तुमची. मला चाक काढायचंय.

नवरा : तूसुद्धा?

मिस्त्री : दोन वर्षं उशीरच झालाय.

बायको : यांच्यासाठी टॅक्सी बोलवा. बरोबर तुमचा कुणीतरी माणूस द्या, घराला जिना आहे. एकेका पायरीवर थांबावं लागतं म्हणावं त्याला. आणि अहो, टेबलावर जेवण झाकून ठेवलंय. दुपारची गोळी जेवणानंतर घ्या, आधी नको.

नवरा : आणि तू?

बायको : मी थांबते इथं.

नवरा : पॅड बसल्यावर?

बायको : मग चालवून बघते. ही गाडी एकटीनं अजून कधी चालवलेली नाही.