गुरुवारचं पाणी

तुम्ही पाणीकपातीचं काय सांगताय, आमच्या बाबांचं ऐका. त्यांच्या छातीत दुखायला लागलं ते नेमकं बुधवारी संध्याकाळी. आईचा फोन आला म्हणून मी खराडीच्या ऑफिसातून धावतपळत हडपसरला घरी पोचलो, तर हा माणूस घामाघूम होऊन पिंपात पाणी भरतोय! पेपरात बातमी होती, गुरुवारी पाणी बंद. शेवटची बादली भरल्याशिवाय काही ते रिक्षात बसले नाहीत.

डॉक्टर भडकलेच. "अहो काका, छातीत कळा येत असताना पाणी कसलं भरताय?"

बाबा शांतपणे म्हणाले, "उद्या पाणी बंद आहे. मी गेलो असतो, तर स्मशानातून आल्यावर या सगळ्यांनी अंघोळी कशाने केल्या असत्या?"

डॉक्टरांना हसू आवरेना. आई मात्र तडक खोलीबाहेर निघून गेली.

बाबा थोडक्यात वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातून घरी आलो, तर सगळ्या सोसायटीचे नळ कोरडे आणि आई भरलेल्या बादल्या झाडांना ओततेय.

"अगं आई, आज पाणी नाहीये!"

"नसू दे," ती म्हणाली. "त्या अंघोळींसाठी भरलेलं पाणी मला घरात नको."