मशीन चालूच होती

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? येतंय. बरं. नसतं आलं तर बरं झालं असतं, खरं सांगू का.

तुम्ही सगळे आलात. कोणी माझ्यासारखं जे. पी. नगरहून मेट्रोनं, कोणी के. आर. पुरमहून दोन बस बदलून. मंडळाच्या या हॉलमध्ये एवढी माणसं मी गणपतीतसुद्धा बघितली नाहीत. अण्णा असते तर म्हणाले असते, ‘माझ्यासाठी? छे, नंतर जेवण असेल काहीतरी.’ हसा, चालेल. मला तर हसायचीही भीती वाटतेय.

हो, भीतीच. दुःख आहेच, ते तुम्हा सगळ्यांना आहे. पण मी गेले दोन आठवडे नुसती घाबरलेय. हा कागद बघा, चार वेळा लिहून खोडलाय. मला अध्यक्षांनी सांगितलं, ‘पाच मिनिटं बोल, अण्णांची शिष्या म्हणून.’ मी हो म्हटलं.  पण मला इथे नुसत्या आठवणी सांगायच्या नाहीयेत. मला एक चूक सांगायचीय. माझी. आणि ती अण्णांच्या पत्नीला, आपल्या अक्कांना, माहीत नाही.

अक्का, तुम्ही समोर बसलाय. मी तुमच्याकडे बघून बोलायचा प्रयत्न करते. नाही जमलं तर त्या खिडकीकडे बघीन.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी, मी मीनल. पुण्याची. इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. सहा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये अण्णांनी कापलेली लाकडी जाळी पाहिली. विचारलं, ‘कोणी केलं हे?’ तर एक उंच, काटकुळे आजोबा म्हणाले, ‘मीच. शनिवारी ये मल्लेश्वरमला, दाखवतो.’ असंच. ओळख नाही, पाळख नाही. त्यांची पिढ्यान्‌पिढ्या इथली मराठी, माझी पुणेरी. पहिला महिनाभर मला त्यांचं अर्धं कळत नव्हतं आणि माझं इंग्रजी ऐकून ते कपाळाला हात लावत होते.

अण्णांनी सगळा जन्म कारखान्यात लाकडी साचे करण्यात काढला. रिटायर झाले आणि स्वतःसाठी एक स्क्रोल सॉ घेतली. ही मशीन म्हणजे शिलाई मशीनची लांबची बहीण समजा. सुईच्या जागी बारीक पातं असतं. ते वर-खाली होतं, आपण लाकूड फिरवायचं, नक्षी निघते. आणि खाली जमिनीवर एक पेडल. पाय ठेवला की मशीन चालू, पाय उचलला की बंद. हे पेडल लक्षात ठेवा.

अण्णांच्या खोलीत एक नियम होता. शिकायला आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी सांगायचे. चुकलास? आधी पाय उचल. मग दोन्ही हात वर कर. मग मोठ्यानं बोल, काय चुकलं ते. बस्स. मग ते त्यांच्या स्टुलावरून उठायचे, चष्मा पुसायचे, लाकूड बघायचे आणि कानडीतलं ‘बरं’ म्हणायचे, ‘सरी. आता काय करूया?’ कधी ओरडले नाहीत. सहा वर्षांत एकदाही नाही.

मी विचारलं होतं, ‘अण्णा, हात कशाला वर करायचे? पोलीस आहेत का?’ तर म्हणाले, ‘नोड, बघ मीनल, चुकल्याबरोबर माणूस काय करतो? तिथल्या तिथे लाकूड वळवून झाकायला जातो. एक कट चुकलेला असतो, त्याचे तीन होतात. हात वर असले की झाकता येत नाही.’

आणि मी काय केलं? झाकलं. दुसऱ्याच महिन्यात. घड्याळाभोवतीची जाळी करत होते, त्यात एक हरीण होतं. त्याचा पाय माझ्याकडून तुटला. अण्णा आत औषध घ्यायला गेले होते. मी पटकन गोंद लावला, पाय चिकटवला, बोटानं पुसलं, गप्प बसले. दोन शनिवार गप्प. मग पॉलिश लावलं आणि त्या जागी पांढरा डाग उठला. गोंद सांडलेला असला की पॉलिश लाकडात मुरतच नाही. मला माहीतच नव्हतं.

अण्णांनी डागावर बोट ठेवलं. ‘हे कधी झालं?’ मी म्हटलं, ‘आत्ताच.’ बघा, तेव्हाही खोटं! ते स्टुलावर बसून राहिले, माझ्याकडे बघत. मी शेवटी हात वर केले. दोन्ही. आणि मोठ्यानं सांगितलं, दोन आठवड्यांपूर्वी पाय तुटला, मी लपवला. तेव्हा कुठे चष्मा पुसला त्यांनी. ‘सरी. आता काय करूया?’

आम्ही गवत केलं. पातळ पट्टीतून उंच गवत कापलं आणि हरणाच्या पायांपुढे लावलं. आज ते घड्याळ माझ्या घरी आहे. येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, गवत काय सुंदर आहे हो.

तर असे अण्णा. इथे थांबले असते तर छान मनोगत झालं असतं, नाही का? टाळ्या नाही, पण डोळे पुसले असते तुम्ही. मला थांबायचंच होतं. काल रात्री ठरवलं होतं, गवतापर्यंत सांगायचं आणि खाली उतरायचं.

पण आज सकाळी अक्कांचा फोन आला. म्हणाल्या, ‘मीनल, शनिवारी ये गं. खोली उघडूया. मला एकटीला होत नाही.’ मी ‘येते’ म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. कारण ती खोली उघडली की अक्कांना दिसणार आहे.

काय दिसणार आहे, ते सांगते.

अण्णांच्या घरात एक रीत होती. कोणी ठरवलेली नाही, पडून गेलेली. अण्णा मागच्या खोलीत, अक्का स्वयंपाकघरात. मशीनचा आवाज चालू असला की अक्का आपलं काम करायच्या. आवाज थांबला की पदराला हात पुसून उठायच्या, डिकॉक्शनमध्ये दूध ओतायच्या आणि कॉफी घेऊन जायच्या. आवाज थांबला, अक्का उठल्या. मी सहा वर्षं बघतेय. अण्णांनी कधी हाक मारली नाही. मी एकदा चेष्टा केली, ‘अक्का, तुमचे कान आहेत की काय आहे?’ तर म्हणाल्या, ‘मशीन चालू म्हणजे पाय खाली. पाय खाली म्हणजे माणूस ठीक. थांबली की बघून यायचं.’

थांबली की बघून यायचं.

गेल्या काही महिन्यांत अण्णांचा उजवा गुडघा फार दुखत होता. पेडल दाबून धरताना चेहरा वाकडा व्हायचा. मी म्हटलं, ‘अण्णा, काढून टाकू हे पेडल. वायर थेट भिंतीत लावते, मशीनच्या बटणावर चालवा.’ ते नको म्हणाले. मी विचारलं, का? म्हणाले, ‘तुझ्या अक्काला कळणार कसं?’ मी हसले. अहो, मी हसले! म्हटलं, ‘अण्णा, कॉफी हवी तर हाक मारा ना, काय हे जुनं काहीतरी!’ ते पण हसले. ‘सरी,’ म्हणाले. ‘तू म्हणतेस तर.’

मीच टेबलाखाली वाकले. मीच पेडल काढलं, मीच वायर भिंतीत लावली. पेडल गुंडाळून खिडकीखालच्या खोक्यात ठेवलं. अण्णा म्हणाले, ‘जाताना अक्काला सांगून जा.’ मी हो म्हटलं. अक्का शेजारी गेल्या होत्या, मला मेट्रो गाठायची होती. म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारी विसरले. त्याच्या पुढच्या शनिवारी मला ऑफिस होतं. अण्णांना वाटलं असणार, मी सांगितलंय. आणि मी सांगितलं नव्हतं.

मग तो मंगळवार.

अण्णा सकाळी खोलीत गेले. मशीन लागली. साडेदहाला नेहमी थांबायची, थांबली नाही. अकरा वाजले, थांबली नाही. अक्कांना वाटलं, आज काम रंगलंय. त्यांनी मला नंतर सांगितलं, ‘मध्येच आवाज स्वल्प वेगळा झाला होता गं. मला वाटलं, जाड लाकूड घेतलं असेल.’ अक्का, तुम्ही हे म्हणालात ना, तेव्हाच मला कळलं. हातात न धरलेलं लाकूड तसं वाजतं. मला माहीत होतं. मी तुम्हाला बोलले नाही.

बारा वाजता जेवायला बोलवायला म्हणून अक्का गेल्या. अण्णा खाली पडलेले होते. मशीन चालूच होती.

शेजाऱ्यांनी भिंतीतलं बटण बंद केलं. नंतर खोलीला कुलूप लागलं, ते अजून आहे. अक्कांनी खाली, टेबलाखाली काही बघितलंच नाही. कोण बघेल? आणि तेव्हापासून, जो भेटायला येतो त्याला अक्का सांगतात, ‘शेवटच्या क्षणापर्यंत काम करत होते. मशीन चालू होती ना. पाय पेडलवरच होता.’ प्रत्येकाला सांगतात. तुम्हालाही सांगितलं असेल. सांगताना त्यांचा चेहरा जरा सैल होतो. मी शेजारी बसलेली असते. मान हलवते. हो हो, म्हणते.

अक्का. नाही. पाय पेडलवर नव्हता. पेडलच नव्हतं. ते खिडकीखालच्या खोक्यात आहे. मी काढलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. पेडल असतं तर अण्णा पडल्याबरोबर मशीन थांबली असती. आणि मशीन थांबली असती तर तुम्ही उठला असता.

हे बघा, माझे दोन्ही हात वर आहेत. कागद पडला, पडू दे. मी चुकले. एकदा नाही, तेरा दिवस झाकलं, म्हणजे अजून तेरा वेळा चुकले. मला वाटत होतं, शनिवारच्या आधी एकटी जाऊन पेडल परत जोडून टाकावं. खरंच तसा विचार केला मी. किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे. कोणाला कधी कळलं नसतं. पुन्हा गोंदच लावायला निघाले होते मी.

काय अक्का? थांबा, जरा शांत राहा ना मागे, अक्का काहीतरी विचारतायत.

त्या विचारतायत, किती वेळ.

मला माहीत नाही, अक्का. डॉक्टर म्हणाले की लगेच गेले असावेत. ‘असावेत’ म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं. तुम्ही लवकर गेला असतात तर काही झालं असतं का, तेही विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. यापेक्षा जास्त मला माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं. आता काही लपवणार नाही तुमच्यापासून.

याच्यापुढे गवत लावायला माझ्याकडे काही नाही. हे झाकून सुंदर होणारं नाही. आणि ‘सरी, आता काय करूया’ असं विचारणारा माणूस त्या फोटोत आहे, हार घातलेला. मला कळत नाही आता कोण विचारणार. तुम्ही मला विचारायलाच पाहिजे असं नाही, अक्का. शनिवारी मी येईन. दाराबाहेर उभी राहीन. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मशीनवर अण्णांचं शेवटचं लाकूड अजून तसंच असणार, पातं त्याच्या भोकातून ओवलेलं. ते काढायला तुम्हाला मी नको असेन तर मी परत जाईन, आणि मला त्याचं वाईट वाटलं तरी राग येणार नाही. मला फक्त फार भीती वाटतेय, की तुम्ही पुन्हा कधी ‘ये गं’ म्हणणार नाही.

मंडळी, माझी पाच मिनिटं केव्हाच संपली. एक विनंती करते. आपण आता अण्णांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहणार आहोत. तर ते पंखे बंद करा कोणीतरी. तो पलीकडचा पण. फोनही बंद करा. मला पूर्ण शांतता हवीय. त्या मंगळवारी सकाळी अण्णांच्या खोलीतून एक शांतता अक्कांपर्यंत पोचायला हवी होती, आणि ती मी पोचू दिली नाही. आज तरी पोचू दे.

अण्णा, नमस्कार करते. मी चुकले, मोठ्यानं सांगितलं, हात वर आहेत.

आता पेडलवरून पाय उचलते.