लोंढे मॅडमचं नाक

व्यासपीठावर विराजमान असलेले आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या अक्षयपर्ण पॅकेजिंग कंपनीचे कार्यकारी संचालक माननीय वैजनाथराव कर्डकसाहेब, त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे जिथं ते कायमच असतात तिथं, बसलेले मनुष्यबळ विभागाचे प्रमुख माननीय गोरक्षनाथ भापकरसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, माफ करा, माजी प्रमुख राजेश्वरी लोंढे मॅडम, त्यांचे यजमान, समोर बसलेल्या भगिनी आणि बंधूंनो, आणि ‘दहाच मिनिटं, मग जेवण आहे’ असं सांगून ज्यांना इथं आणलंय ते दुसऱ्या पाळीचे कामगार मित्रहो,

मी बिभीषण म्हस्के. छपाई विभागाचा शिफ्ट इनचार्ज. सुप्याच्या या कारखान्यात बावीस वर्षं झाली. घरातलं गुपित बाहेर सांगणाऱ्याचं नाव आईबापांनी का ठेवलं, ते मला माहीत नाही. त्यांनी विचार करूनच ठेवलं असावं.

भापकरसाहेबांनी मला परवा बोलावलं आणि म्हणाले, “म्हस्के, मॅडमविषयी चार चांगले शब्द बोला.” मी लगेच हो म्हणालो. मग त्यांनी ते चार शब्द लिहूनच दिले. हा पाहा कागद. ‘मनमिळाऊ, हसतमुख, शिस्तप्रिय, कंपनीच्या परिवारातील मोलाचा घटक.’ हसतमुख? छपाईतल्या कोणी मॅडमना हसताना पाहिलं असेल तर हात वर करावा. बघा, एकही नाही. आपण केलेल्या रोलचा तुकडा हातात घेऊन त्या उजेडाकडे धरायच्या आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली की आपण मशीन थांबवायला धावायचो. तेव्हा हा कागद मी घडी करून खिशात ठेवतो. साहेबांचं अक्षर सुंदर आहे, जपून ठेवीन.

मित्रहो, मॅडममध्ये एक मोठा दोष होता. त्यांना वास यायचा.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आपण खाद्यपदार्थांची पाकिटं छापतो. साधं एकपदरी पाकीट बाहेरून रंगीत असतं, आतून कोरं. पण छापलेल्या प्लास्टिकची गुंडाळी झाली की रंगाची बाजू कोऱ्या बाजूला टेकते. शाई नीट वाळली नसेल तर बाहेरचं आत जातं. आणि आत काय असतं? आपलं जेवण. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं प्रगती करायची ठरवली. मशीनचा वेग वाढवला, म्हणजे शाईला वाळायला वेळ उरला नाही. आणि शाई बदलली, नवी स्वस्त आणली. तिच्यात टोल्युइन नावाचा द्रव होता. रंगाच्या दुकानात रंग पातळ करायला थिनर मिळतं ना, त्या जातीचा. अन्नाच्या पाकिटावर तो नियमानं चालत नाही. पण नियमाला काय, नाक थोडंच असतं!

तर त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एक बाई आपल्या गेटवर आल्या. तिसगावच्या केशरबाई. तिथं त्यांचा बायकांचा बचत गट आहे, लहान बाळांसाठी नाचणीचं सत्त्व करतो. हिरव्या पाकिटावर हसरं बाळ आहे ना, ते. ते बाळ आपणच छापायचो. केशरबाईंनी काखेत पिशवी धरली होती आणि गेटवरचा माणूस त्यांना सांगत होता की तक्रार ई-मेलवर करा. मी तेव्हा पाळी संपवून निघालो होतो. लोंढे मॅडमही केडगावच्या बसला उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय झालं बाई?”

केशरबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं, दातानं टराटरा फाडलं आणि मॅडमच्या नाकाशी धरलं. “घ्या. आमी नाचणी धुतो, मोड आणतो, सावलीत वाळवतो, दळतो. समदं सोताच्या हातानं. त्याला घासलेटासारखा वास कुठनं आला? माजा नातू घास तोंडाशी नेला की मान फिरवतो. धा घरच्या आया मला हेच सांगायल्या.”

मॅडमनी हुंगलं. बस निघाली, तरी त्या हलल्या नाहीत. पाकीट मागून घेतलं आणि उलट्या पावली प्रयोगशाळेत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते समोर बसलेल्या पुष्कळांनी पाहिलंय. मॅडमनी काचेच्या तीन स्वच्छ बरण्या घेतल्या. एकीत काहीच नाही, दुसरीत कोऱ्या प्लास्टिकचे तुकडे, तिसरीत आपल्या हिरव्या पाकिटाचे. झाकणं घट्ट लावली, तासभर ओव्हनमध्ये कोमट केल्या. मग एकेकाला बोलावून डोळ्यांवर रुमाल बांधला आणि हुंगायला लावलं. मोहियोद्दीनचाचा, तुम्ही पहिले होतात ना? तिसऱ्या बरणीचं झाकण उघडलं तसे चाचा मागं सरकले आणि म्हणाले, “मॅडम, ये तो अपने तीन नंबर मशीन का वास है!” नऊ जणांनी हुंगलं. नऊच्या नऊ जणांनी तीच बरणी दाखवली. मॅडमनी एवढ्यावरही भागवलं नाही. तुकडे पुण्याला यंत्रावर तपासायला पाठवले. यंत्रानंही तेच सांगितलं. यंत्राला काही घरसंसार नसतो, त्याला खरं सांगणं सोपं जातं.

त्या नऊ जणांत सातवा मी होतो.

मॅडमनी अहवाल लिहिला : लहान मुलांच्या अन्नासाठी हे पाकीट नापास. मग साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. छपाईचा म्हणून मीही होतो. अध्यक्षमहाराज, आपलं त्या दिवशीचं वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. आपण म्हणालात, “मॅडम, वास ही ज्याच्या त्याच्या नाकाची गोष्ट असते.” केवढा मोठा विचार! इतकी वर्षं जग उगाच प्रयोगशाळा बांधत बसलं. आपण पुढं विचारलंत, “कोणी मेलं का? कोणी दवाखान्यात गेलं का?” मॅडम म्हणाल्या, “नाही.” “मग?”

त्या ‘मग’चं उत्तर मॅडमनी केबिनमध्ये दिलं नाही. बाहेर जिन्यावर मीही त्यांना तेच विचारलं. मी म्हणालो, “मॅडम, एवढ्याशानं काय होणार आहे?” त्या थांबल्या. म्हणाल्या, “बिभीषणराव, लगेच मारणाऱ्या विषाला माणूस भितो तरी. हे तसलं नाही. हे कुणाला, किती वर्षांनी, काय करेल हे मला सांगता येत नाही. कदाचित काहीच करणार नाही. पण मला सांगता येत नाही, म्हणूनच ते बाळाच्या वाटीत नको.”

अहवाल बदला, असं त्यांना तीनदा सांगण्यात आलं. प्रेमानंच, अर्थात. आपल्याकडे सगळं प्रेमानं होतं. त्यांनी बदलला नाही. तेव्हा कंपनीनं त्यांच्या गुणांची कदर केली आणि त्यांना बढती दिली. नवीन विभाग निघाला : ‘हरित परिसर व सुरक्षा घोषवाक्ये’. एम.एस्सी. रसायनशास्त्र, पंचवीस वर्षांचा अनुभव, आणि काम काय, तर कुंपणालगतच्या अशोकाच्या झाडांना पाणी मिळतं का ते बघणं आणि सुरक्षा सप्ताहासाठी घोषवाक्यं लिहिणं. मॅडमनी पहिलंच घोषवाक्य लिहिलं, ‘जे बाळाला देणार नाही, ते बाजारात पाठवणार नाही.’ भापकरसाहेबांनी ते नामंजूर केलं. यमक चांगलं नव्हतं म्हणे.

साहेब, घड्याळाकडे बघू नका. जेवण गरमच राहील. ते काय, त्या प्लास्टिकच्या पिशव्यांत रस्सा बांधून ठेवलाय.

आता मॅडम प्रयोगशाळेत नाहीत म्हटल्यावर पुढच्या मालाच्या दाखल्यावर सही कोण करणार? हा मोठा प्रश्न होता. पण आपल्या कंपनीत प्रश्न फार काळ राहत नाहीत. ज्याला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, आयटीआय झालेला आहे, आणि ‘साहेब’ म्हटलं की ज्याची मान आपोआप खाली जाते, असा एक अनुभवी माणूस सापडला. त्याला त्या दिवशी केबिनमध्ये खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि ‘प्रभारी गुणवत्ता अधिकारी’ हा किताब मिळाला. त्यानं सही केली. ‘लहान मुलांच्या अन्नासाठी योग्य.’ खाली सही, बिभीषण म्हस्के.

हो. टाळ्या नकोत.

तो माल तिसगावला गेला. मॅडमना हे कळलं ते झाडांना पाणी घालताना, आपल्या टेम्पोवर हिरव्या पाकिटांचे गठ्ठे चढताना बघून. सुट्टीच्या दिवशी त्या नगरहून एसटी धरून एकट्या तिसगावला गेल्या. गटाच्या बायका जमवल्या आणि सांगितलं, “तुमच्या सत्त्वात खोट नाही. खोट आमच्या पाकिटात आहे. यातलं एकही मुलाला देऊ नका.” बायकांनी भरलेली सगळी पाकिटं फोडली आणि कित्येक आठवड्यांची मेहनत खड्ड्यात ओतली. गुरांनासुद्धा घातली नाही. त्यानंतर त्यांनी पाकीटच बंद केलं. आता ज्याला सत्त्व हवं त्यानं घरून स्टीलचा डबा न्यायचा आणि भरून आणायचा. नगरच्या दुकानांतून त्यांचं नाव गेलं. गिऱ्हाईक तिसगावापुरतं उरलं.

इकडं मॅडमना काय मिळालं? ज्ञापन. ‘कंपनीची गोपनीय माहिती बाहेर दिल्याबद्दल.’ बाळ काय खातं ही गोपनीय माहिती आहे, हे आम्हा अडाण्यांना तेव्हा कळलं.

पण गोष्टीचा शेवट गोड आहे बरं का. चार महिन्यांनी पुण्याच्या एका मोठ्या बिस्किटवाल्यानं स्वतः तपासणी करून आपला अख्खा ट्रक परत पाठवला. त्याचं नाक मोठं होतं. मग काय सांगू तुम्हाला, जी शाई बदलणं ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ होतं, ती आठ दिवसांत बदलली! मशीनचा वेगही उतरला. आणि गेल्या महिन्यात ‘सुरक्षित वेष्टना’बद्दल आपल्या कंपनीला मुंबईत पुरस्कार मिळाला. त्या फोटोत पाच जण आहेत. मॅडम नाहीत. त्या दिवशी त्या गुलमोहोराची रोपं लावत होत्या. साहेबांनी आभाराच्या भाषणात सांगितलं की सुरक्षितता आमच्या रक्तात आहे. साहेब, रक्ताचं म्हणाल तर कुणाच्या रक्तात काय काय आहे, हे आता तपासल्याशिवाय सांगणं कठीण आहे.

मी इथंच थांबणार होतो. मॅडमना निवृत्त जीवनाच्या शुभेच्छा द्यायच्या आणि जेवायला जायचं. पण गेल्या रविवारी मला राहवलं नाही. मोटरसायकल काढली आणि तिसगावला गेलो. केशरबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी माझं नाव सांगितलं, सही माझी होती हे सांगितलं आणि हात जोडले. वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “आमच्या बाया त्या टायमाला गावात घरोघर गेल्त्या. परत्येक आईपुढं माफी मागितली. ज्यांची काय चूक न्हवती त्यांनी. तुमचा नंबर आत्ता लागला व्हय?”

मी म्हणालो, “मावशी, उशीर झाला.”

“झालाच की. आन हितं येऊन काय उपेग? खोट पाकिटात हाय, ह्ये मला ठावंच हुतं. जितं सही केली, तितं जाऊन सांगा.”

म्हणून, भापकरसाहेब, तुमचा कागद मी वाचला नाही. त्याऐवजी आज सकाळी मी एक कागद दिलाय. आवक शाखेत त्याची पोच घेतली आहे. एक प्रत अन्न सुरक्षेच्या कार्यालयाला आणि एक तिसगावला रजिस्टर टपालानं गेली. तीनच वाक्यं आहेत, वाचून दाखवतो : ‘तपासणीच्या दिवशी वास मलाही स्पष्ट आला होता. तरीही पाकीट योग्य असल्याच्या खोट्या दाखल्यावर मी सही केली. राजेश्वरी लोंढे यांचा अहवाल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खरा होता.’

मॅडम, हे तुम्हाला दोन वर्षांपूर्वी हवं होतं, हे मला कळतं. तेव्हा तुमच्या बाजूला एक माणूस उभा राहिला असता तर तुम्हाला एकटीनं त्या एसटीत बसावं लागलं नसतं. मी आठ जणांना पुढं करून त्यांच्या मागं लपलो, आणि ते आठ जण माझ्या मागं लपले. तुमची क्षमा मागण्याइतकाही मी लायक नाही. तुम्ही फक्त घरी जा, निवांत बसा. पुढची उत्तरं आता आमच्याकडे मागितली जातील.

अध्यक्षांनी मला बोलण्याची संधी दिली, त्याबद्दल त्यांचा ऋणी आहे. उद्यापासून त्यांना त्याचा पश्चात्ताप होईल, त्याबद्दल दिलगीरही आहे. आपण सर्वांनी भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, आपले आभार. अशा वेळी वक्ता म्हणतो की काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मी तसं म्हणणार नाही. पोटात आधीच पुष्कळ गेलंय. माझी चूक पोटात घालू नका. ती लिहून ठेवा.