कच्चा टाका

पाण्याच्या रांगेत माझ्यापुढे पोलिसांचे गणवेश शिवणारा शिंपी उभा होता. सीमेपलीकडून पाहुणी आलेली त्याची वहिनी सोबत होती.

“भावोजी, शिपायांच्या खांद्यावरची पट्टी तुम्ही कच्च्या टाक्यानं का हो शिवता?”

“उसवायला बरी पडते. लढाई होऊन सरकार पडलं की नवा माणूस स्वतःच्या नावाची पट्टी पाठवतो.”

“लढाई आमच्याकडेही झाली. पण आमच्या पट्टीवर फक्त गावाचं नाव असतं. वरची माणसं येतात नि जातात, शिपाई तोच आणि पट्टीही तीच.”

“मग तिकडचा शिंपी उपाशीच मरत असेल.”

“तो आता शाळेचे गणवेश शिवतो. तुम्हीही एकदा पक्की टीप मारून बघा ना.”

“माझ्या आधीच्या शिंप्यानं मारली होती. त्याचंच मशीन वापरतो मी.”

“आणि तो कुठंय?”

“हळू बोला, वहिनी. तो टाकीजवळचा शिपाई बघा. सरळ नका बघू.”

“त्याच्या खांद्यावर पट्टीच नाहीये. नुसते दोरे लोंबतायत.”

“सकाळी होती. मी नाही उसवली.”

“मग कुणी?”

“त्यानंच. सरकार पडतंय हे त्याला आपल्याआधी कळलंय. बादली रिकामीच राहू दे. घरी चला.”