दुपारी ड्रम कोण वाजवते त्याबद्दल

नाव रजिस्टरात घेतले आहे, इमारतीत मला मोठी आई म्हणतात. वय ७४ वर्षे, काम घरकाम, शिक्षण तिसरी. राहणार दुसरा मजला. माझ्या खाली पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, तळघरात जॅझचा क्लब.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, माझी मी आले. क्लबात रोज दुपारी दोन ते चार ड्रम वाजतात अशी डॉक्टरांनी तक्रार दिली आहे. क्लबला सहाच्या आधी वाजवायची परवानगी नाही. ही तिसरी तक्रार, आता कुलूप लागणार, असे क्लबचे मालक जिन्यात बसून सांगत होते. जेवलेही नव्हते.

क्लब मी पहिल्यापासून बघते. आधी तिथे कोळशाची वखार होती. आमचे हे तिथे एकतीस वर्षे ड्रम वाजवत. पहिल्या वर्षी पांढरा सदरा घालून जात नि काळा घेऊन येत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, त्यात माझ्या बाळंतपणाची एक आहे. ते संगीत सगळे कागदावर बघून वाजवायचे नसते. एकजण सुरू करतो, बाकीचे त्याला आपले म्हणणे पुरे करू देतात, मग दुसरा. आमच्या घरात हे अजून कोणाला जमलेले नाही. हवालदार म्हणाले, "आजी, मुद्द्यावर या."

मुद्दा असा की, दुपारी वाजवते ती मी. आमचे हे घरी सराव करत तो सुटकेसवर, तारांच्या ब्रशांनी. ते बघून मी शिकले. सून दीडला कामावर जाते. मी गुडघे धरून पडून असते असे तिला वाटते. न्हाणीघरात आवाज गोल येतो म्हणून तिथे बसते. हाताखाली सुटकेस, टाचेखाली उपडी बादली. आवाज पाइपातून खाली जातो हे आधी माहीत नव्हते, नंतर झाले.

डॉक्टरही ठाण्यात हजर होते, ते म्हणाले, "काहीतरीच काय मोठी आई, मालकाला वाचवायला आलात." म्हणून सोबत आणलेली सुटकेस साहेबांच्या टेबलावर ठेवली. बादली नव्हती, हवालदारांनी रद्दी कागदांची टोपली रिकामी करून दिली. वेळ ११.२० ते ११.३५. थांबा असे कोणी म्हटले नाही. डॉक्टरांचा उजवा पाय चालू होता, हवालदारांनीही पाहिला. डॉक्टर म्हणाले, "हाच तो आवाज. याच्यावर माझे पेशंट जबडा हलवतात." त्यांनी क्लबवरची तक्रार मागे घेतली. माझ्यावर करणार का, असे साहेबांनी विचारले. तेव्हा म्हणाले, "दाढ काढायची असेल तेव्हा वर निरोप पाठवीन, तेवढा वेळ गप्प बसा." मी कबूल केले.

सुनेला कळवू नये ही विनंती. ती रागावणार नाही, पण गुडघ्यांना तेल लावून देते ते बंद होईल.

हवालदारांनी हे सगळे मोठ्याने वाचले, मी ऐकले. एके ठिकाणी "सुटकेस बडवते" असे लिहिले होते. ते खोडून "वाजवते" करून घेतले आणि त्याच्याशेजारी सही केली. आता माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.